गणित अडते ते साध्या शब्दांवर

पुढचा प्रश्न एकदा वाचा. अकरावीच्या भौतिकीच्या कोणत्याही इंग्रजी पुस्तकात या धर्तीचा प्रश्न सापडेल : ‘अ ब्लॉक ऑफ मास ५ किलोग्रॅम रेस्ट्स ऑन अ रफ होरिझाँटल सरफेस. द कोइफिशंट ऑफ फ्रिक्शन इज ०.४. फाइंड द होरिझाँटल फोर्स दॅट विल जस्ट मूव्ह द ब्लॉक.’

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेल्या मुलाला यातला कोणता शब्द अडेल, असे तुम्हांला वाटते? ‘कोइफिशंट ऑफ फ्रिक्शन’? मुळीच नाही. असले भारदस्त शब्द फारसे अडत नाहीत. त्यांची व्याख्या पुस्तकात दिलेली असते, शिक्षक ती फळ्यावर लिहितात, आणि परीक्षेत दोन गुणांना विचारतात म्हणून विद्यार्थी ती पाठही करतात. घर्षण म्हणजे काय हे त्या मुलाला चांगले ठाऊक असते. अडतात ते ‘रफ’, ‘रेस्ट्स’ आणि ‘जस्ट’. हे शब्द कोणी फळ्यावर लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना येतातच असे गृहीत धरलेले असते.

‘रफ’ शब्द आपल्याला माहीत असतो तो रफ वहीमुळे. म्हणजे कच्चा! ‘रेस्ट’ माहीत असतो तो डॉक्टरांनी आजोबांना सांगितलेल्या विश्रांतीमुळे. तेव्हा ‘ठोकळा कच्च्या पृष्ठभागावर विश्रांती घेत आहे’ असा काहीतरी बोध होतो आणि विद्यार्थी पेन खाली ठेवतो. वास्तविक ‘रफ’ म्हणजे खडबडीत. प्रश्नात हा शब्द आला, की घर्षण विचारात घ्यायचे. त्याच्या जागी ‘स्मूद’, म्हणजे गुळगुळीत, असता तर घर्षण सोडून द्यायचे. ‘अ‍ॅट रेस्ट’ म्हणजे स्थिर, वेग शून्य. आणि ‘जस्ट’? या चार अक्षरी स्पेलिंगच्या शब्दावर सगळे गणित उभे आहे. गुरुत्व त्वरण १० धरले, तर घर्षणबलाची कमाल मर्यादा ०.४ × ५ × १० = २० न्यूटन येते. ठोकळा २५ न्यूटननेही हलेल आणि २०० न्यूटननेही हलेल. मग उत्तर कोणते लिहायचे? ‘जस्ट’ म्हणतो, जेमतेम हलेल एवढेच बल सांगा. म्हणून उत्तर २० न्यूटन. तो शब्द काढून टाकला, तर प्रश्नाला एकच एक उत्तर उरत नाही.

इंग्रजी सुधारायचे म्हणजे मोठमोठे, दुर्मीळ शब्द पाठ करायचे, अशी एक समजूत आहे. ती कशी फसवी आहे हे आकड्यांनीच पाहू.

अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात १९६० नंतरच्या काही वर्षांत एक मोठे मोजणीचे काम झाले. १९६१ साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून प्रत्येकी सुमारे २,००० शब्दांचे ५०० उतारे घेतले. वर्तमानपत्रे, कथा, शास्त्रीय लेख, सर्व काही त्यांत होते. एकूण शब्द दहा लाखांहून थोडे अधिक भरले, आणि कोणता शब्द किती वेळा आला ते संगणकाने मोजले. ‘द’ हा शब्द ६९,९७१ वेळा आला होता. म्हणजे दर शंभर शब्दांत जवळजवळ सात वेळा एकटा ‘द’! दुसरा क्रमांक ‘ऑफ’चा, ३६,४११ वेळा. तिसरा ‘अँड’, २८,८५२ वेळा. या साऱ्या मजकुरात वेगवेगळे शब्द सुमारे ५०,००० होते. पण त्यांतले पहिले १३५ शब्द घेतले, की निम्मा मजकूर भरत होता. उलट, त्या पन्नास हजारांपैकी निम्म्याच्या आसपास शब्द साऱ्या मजकुरात अवघे एकदाच आलेले होते.

शब्दाचा क्रमांक आणि तो किती वेळा आला ती संख्या, यांचा गुणाकार ढोबळमानाने सारखा राहतो, असे जॉर्ज झिफ या अमेरिकी अभ्यासकाने १९३० नंतरच्या दशकात दाखवून दिले होते. वरच्या आकड्यांवर हे ताडून पाहा : ६९,९७१ × १, ३६,४११ × २, २८,८५२ × ३. उत्तरे सुमारे ७०,०००, ७३,००० आणि ८७,००० येतात. ओहमच्या नियमाइतका हा नियम काटेकोर नाही, हे उघड आहे. पण माणसांनी मनात येईल तसे लिहिलेल्या मजकुरात एवढी तरी शिस्त निघावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

हा प्रयोग घरी करण्यासारखा आहे. तुमच्या इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकातले कोणतेही २०० शब्द घ्या आणि ‘द’ किती वेळा येतो ते मोजा. दहा ते पंधराच्या दरम्यान आकडा यावा. मग तेवढाच मराठी मजकूर घेऊन त्यात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द शोधा. ‘आहे’, ‘आणि’, ‘या’ असे शब्द पुढे येतील, पण ‘द’एवढा वरचढ एकही दिसणार नाही. याचे एक कारण समजून घेण्याजोगे आहे. आपण ‘टेबलावर’, ‘टेबलाखाली’, ‘टेबलाचा’, ‘टेबलाने’ असे म्हणतो. नात्याचा भाग आपल्याकडे शब्दाच्या शेपटीला चिकटतो. इंग्रजीत तोच भाग सुटा असतो आणि शब्दाच्या आधी येतो : ‘ऑन’, ‘अंडर’, ‘ऑफ’, ‘बाय’. म्हणून इंग्रजी वाक्यात या चिमुकल्या शब्दांची एवढी गर्दी दिसते. आणि म्हणूनच आपण ते वाचताना गिळून टाकतो. मराठी वाचणाऱ्याची नजर मोठ्या शब्दांवर ठेच खाते, छोट्यांवरून घसरत जाते.

भौतिकीत हे घसरणे फार महागात पडते.

‘अ’ ने ‘ब’ वर लावलेले बल आणि ‘ब’ ने ‘अ’ वर लावलेले बल ही परिमाणाने समान आणि दिशेने विरुद्ध असतात, हा न्यूटनचा तिसरा नियम तुम्हांला पाठ आहे. इंग्रजीत पहिले ‘फोर्स ऑन बी बाय ए’ आणि दुसरे ‘फोर्स ऑन ए बाय बी’. ‘ऑन’ आणि ‘बाय’ यांची अदलाबदल झाली, की बाणाचे टोक उलटे झाले. वायूच्या प्रकरणात ‘वर्क डन बाय द गॅस’ म्हणजे वायूने केलेले कार्य, आणि ‘वर्क डन ऑन द गॅस’ म्हणजे वायूवर केलेले कार्य. एक धन धरले तर दुसरे ऋण. सूत्र बरोबर, आकडेमोड बरोबर आणि चिन्ह मात्र उलटे, अशी उत्तरपत्रिका हाती आली, की तपासणारा समजतो मुलाला भौतिकी येत नाही. पुष्कळदा त्याला ‘ऑन’ आणि ‘बाय’ येत नसतात.

‘टु’ आणि ‘बाय’ ही जोडीही अशीच आहे. समजा, एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान ३० अंश सेल्सिअस आहे. ते ‘रेज्ड बाय ५० डिग्रीज’ असे म्हटले, तर ते ५० अंशांनी वाढले, म्हणजे ८० अंश झाले. त्याला ४,२०० × ५० = २,१०,००० जूल उष्णता लागेल. ‘रेज्ड टु ५० डिग्रीज’ म्हटले, तर ते ५० अंशांपर्यंत नेले, म्हणजे वाढ फक्त २० अंशांची, आणि उष्णता ८४,००० जूल. दोन अक्षरांच्या एका शब्दाने उत्तर अडीच पटींनी बदलले. ‘अ‍ॅट लीस्ट’ (कमीत कमी), ‘अ‍ॅट मोस्ट’ (जास्तीत जास्त), ‘अनलेस’ (नाही तर, नसल्यास), ‘व्हेअरअ‍ॅज’ (उलटपक्षी), ‘रिस्पेक्टिव्हली’ (अनुक्रमे), ‘नेग्लेक्ट’ (दुर्लक्ष करा), ‘हेन्स’ (म्हणून), अशा पंचवीस-तीस शब्दांची यादी तुम्ही स्वतः आपल्या पुस्तकातून काढा. दुसऱ्याने काढलेली यादी उपयोगी पडत नाही. शोधताना जे वाचन होते तेच खरे काम करते.

शिक्षकबंधुभगिनींना येथे एक विनंती. गणित सोडवायला घेण्यापूर्वी प्रश्न एकदा भाषा म्हणून वाचून घ्या आणि ‘यातला कोणता शब्द बदलला तर उत्तर बदलेल?’ असे वर्गाला विचारा. पाच मिनिटे जातात, पण ती सेमी-इंग्रजीच्या वर्गातही वाया जात नाहीत.

आता दुसऱ्या एका सापळ्याकडे वळू. शेकडो इंग्रजी शब्द आपण मराठी बोलतानाच वापरतो, आणि म्हणून ते येतात असे समजतो. पण आपल्या घरी राहायला आलेल्या शब्दांनी इथल्या हवेत अर्थ बदललेले असतात. आपण ‘लाइट गेली’ म्हणतो तेव्हा वीजपुरवठा बंद पडलेला असतो. इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे प्रकाश किंवा दिवा. पुरवठा म्हणजे ‘पॉवर’. आपल्या चष्म्याला ‘नंबर’ असतो. इंग्रजी पुस्तकात त्याला भिंगाची ‘पॉवर’ म्हणतात. नंबर उणे २ म्हणजे पॉवर उणे २ डायॉप्टर, अर्थात नाभीय अंतर अर्धा मीटर असलेले अंतर्गोल भिंग. आपली ‘सायकल’ दोन चाकांची; पुस्तकातली ‘सायकल’ म्हणजे एक पूर्ण आवर्तन, जे घरातल्या विजेत सेकंदाला ५० वेळा होते. आपल्या वर्गात ‘कॉपी’ म्हणजे थेट गैरप्रकार. इंग्रजीत ती साधी प्रत किंवा नक्कल. ‘हॉटेल’मध्ये आपण मिसळ खातो, इंग्रज तेथे प्रामुख्याने मुक्कामाला जातो. असे शब्द वेगळ्या रंगाच्या शाईने लिहून ठेवा. त्यांचा मराठी अर्थ चुकीचा आहे असे समजू नका, तो मराठीत अगदी बरोबर आहे. आणि देवघेव दोन्ही बाजूंनी होते : इंग्रजांचे ‘माँगूस’ आपल्या मुंगसावरूनच गेले आहे.

क्रियापदांची जोडणी हा तर स्वतंत्र विषय आहे. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो, म्हणजे शब्दशः घेतो! आपण अंघोळ करतो, ते ‘टेक’ करतात. आपल्याला ताप येतो, त्यांच्याजवळ तो असतो, ‘हॅव’. तेव्हा वहीत ‘टेक म्हणजे घेणे’ एवढेच लिहून भागत नाही. शब्द त्याच्या सोबत्यांसह लिहावा. ‘पुट’ म्हणजे ठेवणे, पण ‘पुट आउट’ म्हणजे विझवणे आणि ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे. शब्दाखाली एक तरी पूर्ण वाक्य हवे, आणि ते तुमच्या रोजच्या आयुष्यातले असावे. पोस्टमन, विहीर, क्रिकेट, कुकरची शिट्टी, काहीही चालेल.

शास्त्रातल्या काही शब्दांची गंमत अशी, की रोजचा अर्थ एक आणि पुस्तकातला दुसरा. मराठीत आपण ‘काम’ आणि ‘कार्य’ वेगळे ठेवले. इंग्रजीत दोन्ही ‘वर्क’. ‘मोमेंट’ म्हणजे क्षण, आणि बलाचे आघूर्णही. ‘कपल’ म्हणजे जोडपे, आणि बलयुग्मही. ‘नॉर्मल’ म्हणजे नेहमीसारखे, पण प्रकाशाच्या प्रकरणात पृष्ठभागावर काढलेला लंब. यांतला शेवटचा शब्द विसरू नये म्हणून त्याचे मूळ सांगतो. लॅटिनमध्ये ‘नॉर्मा’ म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासण्याचे हत्यार. गुण्याला धरून असलेले ते ‘नॉर्मल’. पुढे अर्थ पसरला, आणि नियमाला धरून असलेले सारेच ‘नॉर्मल’ झाले. म्हणजे वर्गात शिकवला जाणारा, विचित्र वाटणारा अर्थच जुना आहे.

अशा मुळांचा आधार घेतला, तर एका शब्दाबरोबर पाच शब्द येतात. ‘ट्रॅक्ट’ म्हणजे ओढणे : शेतातला ‘ट्रॅक्टर’, चुंबकाचे ‘अ‍ॅट्रॅक्शन’, वजाबाकीचे ‘सब्ट्रॅक्शन’, दात काढताना होणारे ‘एक्स्ट्रॅक्शन’. ‘फ्रॅक्ट’ म्हणजे मोडणे : हाडाचे ‘फ्रॅक्चर’, अंकगणितातले ‘फ्रॅक्शन’, पाण्यात काठी मोडल्यासारखी दिसते ते ‘रिफ्रॅक्शन’. मात्र या खेळात वाहवत जाऊ नका. ‘फ्रिक्शन’ दिसायला याच घरातला वाटतो, पण तो आला आहे घासणे या अर्थाच्या दुसऱ्याच धातूपासून. तसेच ‘स्टेशनरी’ असा उच्चार असलेले दोन शब्द आहेत. शेवटी ‘एआरवाय’ असेल तर स्थिर, जसे ‘स्टेशनरी वेव्ह’. ‘ईआरवाय’ असेल तर वह्या-पेन्सिली. कोशात पाहून खात्री करावी. मोबाइलवरच्या कोशात उच्चारही ऐकता येतो, ही सोय मोठीच आहे.

शब्द गोळा करणे सोपे, टिकवणे अवघड. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या माळा पाठ करायच्या, काही काळाने त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला किती श्रम वाचले ते मोजायचे, अशी त्याची रीत होती. वीस मिनिटांनी सुमारे ५८ टक्के श्रम वाचले, एका तासाने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५ आणि एकतीस दिवसांनी २१ टक्के. हे आकडे आलेखावर मांडा. किरणोत्सर्गी पदार्थाच्या ऱ्हासासारखा वक्र येईल असे प्रथम वाटते, पण तसे नाही. तसे असते, तर पहिल्या तासात शंभराचे ४४ झाल्यावर दर तासाला तेच गुणोत्तर लागले असते आणि चोवीस तासांनी ०.४४ चा चोविसावा घात, म्हणजे जवळजवळ शून्य उरले असते. प्रत्यक्षात ३४ टक्के उरले. विसरणे सुरुवातीला धबधब्यासारखे असते, मग संथ होते. म्हणून पहिली उजळणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या सकाळी व्हायला हवी, पुढच्या मात्र लांब लांब अंतराने चालतात. अर्थपूर्ण शब्द निरर्थक अक्षरांपेक्षा अधिक टिकतात, हा आपला वरचा नफा.

याच तत्त्वावर सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाने १९७० नंतरच्या दशकात एक खोका सुचवला. तो तुम्ही बुटांच्या खोक्यातून फुकट बनवू शकता. पुठ्ठ्याचे पडदे लावून त्याचे पाच कप्पे करा. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ आणि वाक्य. नवी चिठ्ठी पहिल्या कप्प्यात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पाहायची. अर्थ आठवला तर ती दुसऱ्या कप्प्यात जाते, तेथून तीन दिवसांनी काढायची. मग तिसऱ्या कप्प्यातून सात दिवसांनी, चौथ्यातून पंधरा आणि पाचव्यातून तीस दिवसांनी. केव्हाही चुकली, की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढची तारीख चिठ्ठीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहावी, म्हणजे घोटाळा होत नाही.

याने कामाचा डोंगर होणार नाही का? हिशेब करू. रोज ५ नवे शब्द घातले आणि सध्या चुका सोडून दिल्या, तर स्थिर अवस्थेत प्रत्येक कप्प्यातून रोज ५ चिठ्ठ्या पुढे सरकतात, जसे नळातून जेवढे पाणी येते तेवढेच टाकीतून जाते. पाच कप्पे, म्हणजे रोज २५ चिठ्ठ्या. दहा मिनिटांचे काम. एका चिठ्ठीचा खोक्यातला मुक्काम १ + ३ + ७ + १५ + ३० = ५६ दिवस, म्हणून खोक्यात एका वेळी ५ × ५६ = २८० चिठ्ठ्या. बुटांच्या खोक्यात सहज मावतात. चुका धरून थोड्या जास्त होतील. वर्षातले ३०० दिवस हे केले, तर १,५०० शब्द झाले.

हे शब्द आणायचे कुठून? मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक १९२० नंतरच्या दशकात ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांना अवघड शब्दांच्या पुस्तकांनी बेजार केलेले पाहून त्यांनी मोजक्या शब्दांची वाचनपुस्तके लिहिली. १९५३ साली त्यांनी सुमारे २,००० उपयुक्त इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सामान्य मजकुरातले दर पाचांतले साधारण चार शब्द या यादीतले असतात. ही यादी वापरावी, पण केवळ यादीवर अवलंबून राहू नये, कारण उरलेला पाचवा शब्द वाचनातूनच मिळतो. रोजच्या जगात इंग्रजी कमी नाही. औषधाच्या बाटलीवर ‘शेक वेल बिफोर यूज’ असते. खोक्यावर ‘धिस साइड अप’. बिस्किटाच्या पुड्यावर ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’. ‘वेल’ म्हणजे विहीरही आणि चांगलेही, ‘स्टोअर’ दुकानही आणि साठवणेही, हे त्या बाटलीने आणि पुड्याने शिकवले, तर शब्द वस्तूला चिकटून राहतो.

शेवटी थोडा सराव. उत्तरे खाली आहेत, पण आधी कागद-पेन्सिल घ्या.

१. तापमान स्थिर ठेवून एका वायूचे आकारमान ‘रिड्यूस्ड टु वन थर्ड’ केले. दुसऱ्या वेळी ‘रिड्यूस्ड बाय वन थर्ड’ केले. सुरुवातीचा दाब दोन्ही वेळा १ वातावरण होता. शेवटचे दाब किती?

२. ‘अ स्टोन इज ड्रॉप्ड’ असे असले, की आरंभीचा वेग शून्य धरतात. पण सेकंदाला ५ मीटर वेगाने वर जाणाऱ्या फुग्यातून ‘अ स्टोन इज ड्रॉप्ड’ असे असेल, तर जमिनीच्या संदर्भात आरंभीचा वेग किती?

३. फ्यूज ५ अँपिअरचा, दाब २३० व्होल्ट, प्रत्येक दिवा १०० वॅटचा. ‘अ‍ॅट मोस्ट’ किती दिवे लावता येतील? आणि विद्युतधारा फ्यूजच्या मर्यादेबाहेर जायला ‘अ‍ॅट लीस्ट’ किती लावावे लागतील?

उत्तरे : १. पहिल्या वेळी आकारमान एक तृतीयांशापर्यंत आले, दाब ३ वातावरण. दुसऱ्या वेळी ते एक तृतीयांशाने घटून दोन तृतीयांश उरले, दाब १.५ वातावरण. २. सेकंदाला ५ मीटर, वरच्या दिशेने. ‘ड्रॉप्ड’ म्हणजे धक्का न देता सोडला, एवढेच. सुटताना फुग्याचा वेग दगडाकडे असतोच. ३. ५ × २३० = १,१५० वॅट, म्हणून जास्तीत जास्त ११ आणि कमीत कमी १२.